रथातली रिकामी जागा

सणांच्या आधी दर वर्षी जिन्यातल्या फलकावर एक पत्रक लागतं. हवाई हल्ल्यात उतरायची इमारतीखालची आश्रयखोली, जिला इथे सगळे मिक्लात म्हणतात, उघडून झाडावी, दिवे तपासावेत, पाण्याचे डबे भरून ठेवावेत. बारा वर्षांत मजकूर फारसा बदललेला नाही. यंदा शेवटी एक ओळ वाढली होती: भिंती आणि छत पांढऱ्या रंगाने रंगवून घ्यावे.

ती ओळ मी दोनदा वाचली.

बाहेर अरादच्या टेकड्यांवर हत्सावचे तुरे उभे राहिले होते. पान नाही, फांदी नाही. कोरड्या मातीतून सरळ वर आलेली पांढऱ्या फुलांची काठी. ती दिसली की इथले लोक उन्हाळा संपला असं धरतात. मला ती दिसली की टर्पेंटाइनचा वास येतो. हा वास खरा नसतो, हे मला माहीत आहे. तरी येतो.

त्र्याहत्तर साली ज्या शनिवारी युद्ध सुरू झालं, त्या दिवशी योम किप्पुर, प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, होता. आम्हा कोकणातून आलेल्या यहुद्यांतली मुंबई-ठाण्याची जुनी माणसं त्याला अजून दारफळणीचा सण म्हणतात. कोकणात असताना त्या दिवशी दार लावून घेत, पांढरे कपडे घालत आणि दिवस मावळेपर्यंत बाहेरच्या कोणाशी बोलत नसत. इथे दार लावण्याची गरज नसते, कारण सगळा देशच बंद असतो. रस्त्यावर गाडी नसते, रेडिओ मुका असतो. दुपारी दोनच्या सुमारास भोंगा वाजला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या मिल्काबाई थळकर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आज दार उघडायचं नसतं." त्यांचे यजमान अब्राहम थळकर म्हणाले, "आज तेच उघडायचंय. चल." उपासाच्या पांढऱ्या कपड्यांत आम्ही सगळे जिना उतरलो.

त्यांचा मुलगा दानी वीस वर्षांचा होता. रणगाड्यावर होता, सिनायमध्ये.

थळकर मुंबईला सिनेमाची मोठी पोस्टरं रंगवत. वीस-वीस फुटांचे चेहरे. दमा होता, टर्पेंटाइनने वाढला होता, आणि अरादची कोरडी हवा दम्याला चांगली असं कोणी तरी सांगितलं, म्हणून सहासष्टमध्ये कुटुंब थेट या वाळवंटी गावात आलं. इथे पोस्टरं नव्हती. ते शाळांच्या खिडक्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. युद्ध सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी नागरी संरक्षणाच्या माणसांनी त्यांच्या दाराशी निळ्या रंगाचे डबे आणून ठेवले. ब्लॅकआउट होता. गाड्यांच्या दिव्यांवर निळा रंग फासायचा होता. तीन दिवस थळकरांनी गावातल्या गाड्या रांगेत उभ्या करून त्यांचे डोळे झाकले. शब्द त्यांचाच. "आजवर डोळे उघडत आलो, पेपरवाले," ते मला म्हणाले. "पोस्टरवर डोळा शेवटी काढायचा. तो काढला की माणूस बघायला लागतो. आता उलटं काम."

ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मी मुंबईत एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो, इकडे आल्यावर बेअरशेव्याहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाला बातम्या पुरवत होतो. तेवढं त्यांना पुरे होतं.

त्या आठवड्यात आकाशाचा अर्थ बदलला होता. विमान दिसलं की माणसं थांबत, ते आपलं आहे का ते ठरवत आणि मग चालायला लागत. रेडिओवर बातमी कमी आणि गाणी जास्त होती; गाणी जास्त म्हणजे बातमी वाईट, हे मला धंद्यामुळे कळत होतं. मी ते इमारतीत कोणाला सांगितलं नाही.

आणि बुधवारी संध्याकाळपासून सुक्कोत होता. त्या सणाला आपण घराबाहेर झावळ्यांचा मांडव, म्हणजे सुक्का, घालतो आणि आठवडाभर त्यात जेवतो. मांडवाचा नियम एकच कडक आहे: छपरातून तारे दिसले पाहिजेत. पक्कं छप्पर चालत नाही. त्या वर्षी भोंग्यांमुळे अंगणात मांडव घालायला मनाई झाली. जेवण मिक्लातमध्ये आणायचं ठरलं आणि बायका काँक्रीटकडे बघत बसल्या.

"हा कसला सुक्का," तिसऱ्या मजल्यावरची कोणी म्हणाली. "वरती सिमेंट."

"तारे दिसत नाहीत तर काढा की," मिल्काबाई नवऱ्याला म्हणाल्या. "घरात रंगारी कशाला ठेवलाय?"

हशा पिकला. पाच दिवसांत पहिल्यांदा. थळकर हसले नाहीत. त्यांनी छताकडे पाहिलं, मग दोरी मागवली, तिला खडू लावला आणि दोन टोकांना दोन माणसं उभी करून छतावर चौकोन पाडायला सुरुवात केली. पोस्टरचं छोटं चित्र मोठं करायचं तेव्हा ते असेच चौकोन पाडत. छोटं चित्र कुठे आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आहे."

गाड्यांच्या दिव्यांचा उरलेला निळा रंग छताला आणि उत्तरेकडच्या भिंतीला लागला. भिंतीवर खांद्याइतक्या उंचीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली पाणी रंगवलं. वर तारे. बुधवारी संध्याकाळी आम्ही त्याखाली जेवलो. रंग ओला होता, डोळे चुरचुरत होते, आणि थळकर दाराशी बसून धापा टाकत होते.

तो धर्माने चालणारा सुक्का नव्हता. कोणी तसा दावाही केला नाही. पण शेजारच्या इमारतीतल्या बायका आपली ताटं घेऊन आमच्याकडे आल्या, हे मी पाहिलं आहे.

मुंबईच्या दैनिकाच्या कचेरीतली एक संध्याकाळ मला त्या आठवड्यात सारखी आठवत होती. चंद्राला फेऱ्या मारून आलेल्या माणसांनी काढलेला फोटो तारेने आला होता. काळ्या आकाशात अर्धी पृथ्वी. तो कोणत्या बाजूने लावायचा यावर टेबलाभोवती वाद झाला. एक जण म्हणाला, तिथे वर-खाली नसतंच, कसाही लावा. मुख्य उपसंपादकांनी फोटो फिरवला आणि चंद्राची जमीन खाली आणली. "असा," ते म्हणाले. "वाचकाला पाय ठेवायला जागा लागते." त्या एका वाक्यात मला जे कळलं ते नंतर जाड पुस्तकांतही फारसं वेगळं सापडलं नाही. आपल्या ग्रंथात आकाश हे पाण्यापासून पाणी वेगळं करणारं छत आहे. कोकणातले आमचे शेजारी पृथ्वी शेषाच्या डोक्यावर ठेवत. मग पृथ्वी मधून हलली, सूर्य मध्ये आला, मग तोही बाजूला गेला, आणि आता मध्य असा कुठेच नाही म्हणतात. हिशेब दर वेळी सुधारला. पण चित्र काढणारा दर वेळी कुठे तरी उभा राहिला आणि त्याने ती जागा चित्रात ठेवली.

थळकर कुठे उभे होते, ते येहुदीतने शोधून काढलं.

येहुदीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. आईबाप ठाण्याचे, तिचा जन्म इथला; गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. मराठी कळायचं, पण उत्तर बहुधा हिब्रूत. सणाच्या चौथ्या दिवशी तिने भिंतीकडे पाहिलं, हात पुढे ताणला, मूठ वळली आणि पाण्याच्या रेघेपासून रंगवलेल्या ध्रुवापर्यंत मुठी मोजल्या. एक, दोन.

"लो नाखोन," ती म्हणाली. बरोबर नाही. मग आमच्यासाठी मराठीत: "थळकर अंकल, ध्रुव खाली आलाय. इथे तीन मुठी लागतो. तुम्ही दोन पण नाही दिला."

"माझा ध्रुव तिथेच असतो," थळकर म्हणाले.

"ध्रुव कोणाचा नसतो."

"तू आमच्या थळला ये आणि बोल. किनाऱ्यावर उत्तरेला तोंड करून उभी राहा. समोर पाणी, पाण्यापलीकडे मुंबई, मुंबईच्या जरा वर ध्रुव. लहानपणी तेरा वर्षं बघितलाय."

"पण मुलं इथे बसतात ना. मुलं चुकीचं शिकणार."

त्या संध्याकाळी अंधार पडल्या पडल्या ती आम्हाला अंगणात घेऊन गेली. गावात एक दिवा नव्हता आणि चंद्र उगवायचा होता. ब्लॅकआउटने इतके तारे परत आणून ठेवले होते की बायका माना वर करून ओळखीचे तारे शोधू लागल्या. येहुदीतने मिल्काबाईंचा हात धरून मुठी मोजायला लावल्या. तीन. जितकं उत्तरेला जावं तितका ध्रुव वर चढतो, हे तिने दोन वाक्यांत सांगितलं. थळकरांनीही मूठ वळून मोजलं. मग हात खाली केला. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, "पण मी हलवणार नाही." तिने भिंतीवर तीन मुठींच्या उंचीला पेन्सिलने एक बारीक फुली मारली आणि खाली 'अराद' लिहिलं. त्यांनी ती पुसली नाही.

तोवर दानीचं एकही पत्र नव्हतं. मुलं आघाडीवरून पाठवत ती सैन्याची छापील कार्डं इमारतीत चार घरांना आली होती. थळकरांच्या पेटीत काही नव्हतं. सणातच एका सकाळी सैन्याची गाडी खाली थांबली. दोन माणसं आणि एक डॉक्टर. डॉक्टर बरोबर असतो म्हणजे बातमी कोणाच्या तरी मुलाची आणि वाईट, हे सगळ्यांना कळतं. जिन्यात माणसं आपापल्या दाराआड उभी राहिली आणि पावलं कोणत्या मजल्यावर थांबतात ते ऐकू लागली. पहिल्या मजल्यावर थांबली. रणगाड्याला आग लागली होती, चौघांपैकी दोघांचा पत्ता नव्हता. दानी त्या दोघांत होता. कागदावर शब्द होता, बेपत्ता.

मिल्काबाईंनी त्याच दिवशी मलिदा मानला. आमच्यात संकटात एलियाहू हन्नाबीला साकडं घालतात आणि काम झालं की गूळ-खोबरं घातलेले पोहे आणि फळं मांडून त्याची प्रार्थना करतात. हा तोच नबी, जो मेला नाही, अग्नीच्या रथातून जिवंत वर गेला. आमच्या प्रत्येक घरात त्याची तसबीर असते: ढग, लाल घोडे, वर जाणारा रथ. आणि आमची माणसं सांगतात की रथ उडाला तो अलिबागेजवळून. खडकावर टापेची खूण आहे. बाकीचे यहुदी हे ऐकून हसतात. मी हसत नाही. ज्या माणसांना जग कोपऱ्यात टाकून विसरलं होतं त्यांनी स्वर्गाचं एक दार आपल्या तालुक्यात बसवलं, एवढीच ती नोंद आहे.

"अहो, छतावर रथ काढा," मिल्काबाई म्हणाल्या. "मी त्याच्यासमोर बसेन."

थळकरांनी रथ काढला. पोस्टरवाल्याचा हात होता. दोन दिवसांत छताच्या मध्यावर चार घोडे उधळले, चाकांतून पिवळी ज्वाळा निघाली. माणूस मात्र काढला नाही. रथात बसायची जागा रिकामी, लगाम हवेत.

पहिले दोन दिवस सगळे नुसते बघून गेले. मग बोलले. "नबी कुठाय, पेंटर?" "चेहरा शेवटी असतो आमच्यात," ते म्हणत. तिसऱ्या दिवशी मिल्काबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या मनात काय आहे? रिकाम्या रथाला मी काय मागू? मुलगा परत यायला नको का तुम्हाला?" थळकर ब्रश धुवत होते. ते धुतच राहिले. बायको त्यांच्याशी त्यानंतर बोलेनाशी झाली. जेवणाचं ताट त्यांच्यापुढे सरकवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची.

मी एका दुपारी खाली गेलो तेव्हा ते शिडीवर होते, कोळसा हातात. रथाच्या जागेवर काळसर डाग होता. पुसलेला, परत काढलेला, परत पुसलेला.

"वर या, पेपरवाले. नाक बघा."

मी शिडीच्या दोन पायऱ्या चढलो. पुसलेल्या कोळशाखाली नाक ओळखू येत होतं. थोडं डावीकडे वळलेलं, लहानपणी सायकलवरून पडून मोडलेलं. दानीचं.

"तीनदा काढला म्हातारा," ते म्हणाले. "दाढी लावली, सुरकुत्या घातल्या. दर वेळी हाच येतो. हाताला दुसरा चेहराच येत नाही आता. आणि रथ कुठे चाललाय ते तुम्ही बघताय." त्यांनी कोळशाने वर दाखवलं. "माझ्या हाताने त्याला त्यात बसवू?"

मी खाली उतरलो. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे बेपत्ता म्हणजे काय छापतात?"

"जे कळलं नाही ते छापत नाही. जागा सोडतो."

"भरत नाही?"

"खात्री होईपर्यंत नाही."

"मग मी तेच केलंय," ते म्हणाले आणि खाली उतरले. शिडीला धरून श्वास घेतला. "तिला सांगू नका. तिला वाटेल मी तो मेला असं धरून बसलोय. आणि हे छापायचं नाही."

मी शब्द दिला. मिल्काबाई मात्र रोज खाली येऊन त्या रिकाम्या जागेसमोर बसत आणि बाहेर पडताना नवऱ्याकडे बघत नसत. खरं सांगितलं असतं तर त्यांचा राग गेला असता आणि त्या जागी दुसरं काही तरी आलं असतं. मी गप्प राहिलो ते बरोबर केलं की नाही, याची खात्री मला आजही नाही.

युद्धबंदी झाली. कार्डं येत राहिली, त्या घरी नाही. मग एका दुपारी माझ्याकडचा फोन वाजला. इमारतीत तेव्हा फोन दोनच होते. देशाच्या मध्यभागातल्या एका इस्पितळातून नर्स बोलत होती. एक जखमी मुलगा, गळ्यातली ओळखपट्टी नव्हती, कालपर्यंत शुद्ध नव्हती. आज त्याने नाव सांगितलं आणि शेजारी पेपरवाला राहतो, त्याच्याकडे फोन आहे, असं सांगितलं. मी ओळख क्रमांक विचारला. लिहून घेतला. परत विचारला. नावाची अक्षरं एकेक करून विचारली. नर्स वैतागली. मग मी रिसीव्हर ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं, हेही मला आठवतं.

मिल्काबाई जिन्यात होत्या. माझ्या हातातला कागद त्यांना दिसला आणि त्यांनी हात पुढे केला. बातमीतलं मुख्य वाक्य पहिलं लिहावं, हे मी वीस वर्षं इतरांना शिकवत आलो होतो. मी म्हणालो, "आहे."

त्या म्हणाल्या, "परत सांगा, भाऊ."

"आहे. जिवंत आहे. भाजलाय."

थळकर खालून वर आले होते. त्यांनी ऐकलं आणि परत खाली गेले. थोड्या वेळाने मी पाहिलं तर ते मिक्लातच्या बाकावर आडवे होते, तोंड छताकडे.

दानीचे हात आणि चेहरा भाजला होता. थळकर इस्पितळातून परतले तेव्हा मला म्हणाले, "नाक आता तसं नाही. माझ्या हातात जो होता तो कुठेच नाही आता." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते माप सांगत होते. मलिदा झाला. डब्यात जपलेले मुंबईचे पोहे निघाले, ओल्या नारळाऐवजी सुकं खोबरं आलं. मिल्काबाईंनी पहिलं ताट नवऱ्याला दिलं आणि त्या म्हणाल्या, "आता तरी बसवा नबीला रथात." थळकर म्हणाले, "राहू दे. बरा आहे असा." दुसऱ्या दिवशी त्यांनी येहुदीतच्या फुलीवर एक तारा काढला. खालचा ध्रुव पुसला नाही. तेव्हापासून आमच्या उत्तरेला ध्रुव दोन आहेत: एक थळचा, एक अरादचा. शाळेतली मुलं येतात तेव्हा येहुदीत दोन्ही दाखवते आणि मधलं अंतर मुठीने मोजायला लावते.

थळकर मागच्या हिवाळ्यात गेले. मिल्काबाई त्यांच्याआधी दोन वर्षं. फ्लॅटमध्ये आता दानी राहतो आणि इमारतीच्या समितीचं काम त्याच्याकडे आहे, म्हणजे मिक्लातची किल्लीही. पत्रकानंतर तीन दिवसांनी त्याने मला खाली बोलावलं. पांढऱ्या रंगाचे डबे दाराशी होते, रंगवणारा माणूस शिडी उघडत होता. दानीच्या गालावरची कातडी चकाकते आणि हसताना एका बाजूला ओढली जाते. तो फारसा हसत नाही, पण ते पूर्वीपासूनच.

"काका, तुम्ही होता तेव्हा," तो हिब्रूत म्हणाला. "बाबांनी माणूस का नाही काढला? आई म्हणायची, दमा वाढला म्हणून राहिला. येहुदीत म्हणते, नबीचा चेहरा काढू नये म्हणून. तुम्ही सांगा. रंग लागायच्या आधी."

'छापायचं नाही' हा शब्द मी बारा वर्षं पाळला होता. समोर ज्याची बातमी होती तोच उभा होता. मी सगळं सांगितलं: कोळसा, दाढी, तीनदा पुसलेलं नाक. सांगताना मी काही वाढवलं नाही.

तो शिडी चढला. रथातला काळसर डाग निळ्यावर अजून दिसतो, कुठे बघायचं ते माहीत असलं तर. त्याने डागाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग तो मराठीत बोलला, जे तो सहसा बोलत नाही.

"म्हणजे ती माझी जागा."

"नाही," मी म्हणालो. "तुझी नाही, म्हणून तर रिकामी आहे."

तो उतरला. रंगवणाऱ्याला त्याने हिब्रूत सांगितलं, तीन भिंती कर, छत आणि उत्तरेची भिंत सोड. तो माणूस पत्रकाची ओळ दाखवू लागला. मग मान वर करून म्हणाला, "अर्धवट राहिलंय हे."

"नाही," दानी म्हणाला आणि पांढरा डबा उचलून दक्षिणेच्या भिंतीपाशी नेऊन ठेवला.

हा मजकूर छापायची परवानगी त्याने दिली आहे.